पिटुकल्याचं पहिलं पान

ग्रंथालयाच्या तळघरात दुरुस्तीची खोली होती आणि त्या खोलीत तिने अडतीस वर्षं काढली. सगळे तिला डिंकमावशी म्हणत. वरच्या मजल्यांवर पुस्तकं वाचायला माणसं येत आणि खाली तिच्याकडे पुस्तकं आजारी पडून येत. कुणाचा कणा मोडलेला, कुणाची पानं सुटलेली, कुणाला कसर लागलेली. ती दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवायची, पुठ्ठ्याला खळ फासून वर वजन ठेवायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. खळ वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, घाई करणाऱ्याचं पुस्तक वाकडं होतं, हे ती खोलीत डोकावणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. ऐकणारा लवकरच काढता पाय घ्यायचा.

थांबणं हा तिचा धर्मच होता म्हणा ना. बस बंद असल्याचं साऱ्या रस्त्याला ठाऊक झालं तरी ही एकदा दीड तास थांब्यावर उभी राहिली, आणि गंमत बघा, शेवटी बस आली. त्यानंतर आठ दिवस तळघरात कुणाला बोलायची सोय उरली नाही. लग्नानंतर नवरा लांब पल्ल्याची मालगाडी चालवायला लागला. आधी महिन्याने घरी यायचा, मग वर्षाने, मग पत्रंसुद्धा थांबली. लोकांनी तिला काय काय सुचवलं. तिने कुणाचंच मनावर घेतलं नाही. सहा वर्षांनी तो आला तो छातीचं दुखणं घेऊन, आणि तीन महिन्यांत तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. तिने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "पण आला की नाही?"

राहायची ती जन्मल्या घरातच, त्याच दोन खोल्यांत. नळाला पाणी नीट येत नव्हतं, जिन्याचा कठडा हलत होता, तरी जागा बदलायचं नाव नाही. त्याचं खरं कारण ती कुणालाच सांगत नसे. ती पाच वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली होती. पत्ता बदलला तर आई शोधणार कशी, हे लहानपणी तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आता ती एकसष्ट वर्षांची झाली होती आणि आई जिवंत असती तर नव्वदीच्या घरात असती. हिशेब तिलाही कळत होता, पण घर काही सुटत नव्हतं.

ही सगळी शिकवण एका पुस्तकातली होती. पिटुकलं नावाचं पाणमांजराचं पिल्लू आणि नदीतला एक पांढरा दगड, यांची चित्रांची गोष्ट. पानं एका बाजूने छापलेली, मागची बाजू मुलांना रंगवायला कोरी. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, पानांना आकडे नाहीत. आई गेली त्याच वर्षी बाबांनी ते पुस्तक आणलं. बाबाही पुस्तकबांधणीच करायचे, घरच्या पुढच्या खोलीत. कुठूनतरी आलेली सुटी पानं त्यांनी एकेक करून शिवली, वर निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला आणि पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

गोष्ट अशी होती. पिटुकलं पाण्याच्या कडेकडेने एकटंच निघतं. त्याला खेकडा भेटतो, बेडूक भेटतो, कावळा भेटतो. ते पोहून पलीकडच्या काठाला जातं, तिथे उजेड असतो. मग ते पांढऱ्या दगडावर येऊन बसतं. त्या चित्राखालच्या ओळी तिला आयुष्यभर पाठ होत्या: पिटुकलं बसून राहिलं. हललं नाही, बोललं नाही. पाणी चढत जातं, दगड बुडायला येतो, पिटुकलं तसंच. आणि शेवटच्या पानावर आई. आईने त्याला पोटाशी घेतलेलं, दोघांचे डोळे मिटलेले. ते पान तिने इतक्या वेळा उघडलं होतं की त्याचा कोपरा कापडासारखा मऊ झाला होता.

लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, "बाबा, ते उजेडापाशी पोचलं होतं ना? मग परत दगडावर का गेलं?"

बाबा दाभणाला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तिथे आई नव्हती म्हणून."

तिला ते पटलं. पाच वर्षांच्या मुलीला न पटायला काय झालं. जागा सोडायची नाही, पाणी चढलं तरी हलायचं नाही, येणारा येतोच. एवढ्या तीन गोष्टींवर तिने संसार केला, नोकरी केली, आणि पुढे तेच पुस्तक मांडीवर घेऊन आपल्या लेकीलाही वाढवलं. लेकीने ते तिच्या लेकीला वाचून दाखवलं. तीन पिढ्यांची बोटं त्या पानांवरून फिरली होती आणि डिंकमावशीला याचा केवढा अभिमान होता.

जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस दिसायला नीटनेटका, बोलायला लोण्याहून मऊ. नखं कापलेली, बाही कधी मळलेली नाही. तिचा वाचायचा चष्मा त्यानेच केला होता, आणि कधीही भेटला की तो आधी तिच्या चष्म्याकडे बघायचा. "आई, थांबा हं, दांडी वाकलीय," असं म्हणून दोन्ही हातांनी चष्मा तिच्या नाकावरून उतरवायचा. मग बराच वेळ तो परतच द्यायचा नाही. पुसत बसायचा, उजेडाकडे धरायचा. तेवढा वेळ तिला समोरचं सगळं धुरकट दिसायचं आणि त्या धुरात त्याचा आवाज तेवढा यायचा. तिला ते आवडायचं नाही, पण यात नावं ठेवण्यासारखं काय होतं ते तिला सांगता आलं नसतं.

लेक आधी बालवाडीत शिकवायची. लग्नानंतर सुटलं ते. मैत्रिणी होत्या, त्याही एकेक करून सुटल्या. फोनवर बोलणं आखडत आखडत "बरी आहे, तू बरी आहेस ना" इतक्यावर आलं. मनगटाला कधी पट्टी दिसायची आणि विचारलं की दार लागलेलं असायचं. त्या घरातली दारं फारच लागत होती. डिंकमावशीला ते दिसायचं, नाही असं नाही. पण मग ती स्वतःला समजवायची की सगळ्यांच्याच संसारात पाणी चढतं आणि उतरतं. लेक दोनदा रागावून घरी आली होती. एकदा नात पोटात होती तेव्हा, आणि एकदा नात तीन वर्षांची असताना. दोन्ही वेळा मायलेकी बसल्या, बोलल्या, जेवल्या, आणि संध्याकाळी तिने लेकीला स्वतः बसने नेऊन पोचवलं. जावयाने दोन्ही वेळा हसून दार उघडलं होतं. "बरं झालं आलात," तो म्हणाला होता, "मला ठाऊकच होतं तुम्ही आणाल."

नातीला सगळे चिमणी म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने तिचा आवाज कधी ऐकला असेल असं वाटत नव्हतं. एका रविवारी डिंकमावशी त्यांच्याकडे गेली होती. पोर जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे तुकडे जुळवत होती. जिन्यात पावलं वाजली, किल्ली फिरली. आजीने मान वळवून दाराकडे बघितलं आणि परत वळली तोवर पोर जागेवर नव्हती. जावई आत आला, हात धुतले, खुर्ची ओढून बसला, मंडईतल्या गर्दीबद्दल बोलला. पंधरा मिनिटं गेली. आजीचा रुमाल पडला म्हणून ती वाकली तर टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन चिमणी बसलेली. डोळे उघडे, ओठ हलत होते, आवाज नव्हता. आजीने त्या ओठांवरून ओळखलं. हललं नाही, बोललं नाही.

"आमच्याकडे आवाज नसतो, बघितलंत ना?" जावई वरून म्हणाला. "शेजारी नवल करतात."

लेक ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने नळ सोडला आणि भांडं नसताना हात धूत राहिली. डिंकमावशी सरळ बसली आणि चहा प्यायली. परतताना बसमध्ये तिला दोन थांबे पुढे गेल्यावर कळलं की आपलं उतरायचं राहिलं.

त्यानंतर महिनाभराने एका बंद पडलेल्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं ग्रंथालयाकडे आली. सात खोकी तळघरात उतरली. तिसऱ्या खोक्यात, भूगोलाच्या दोन जाड पुस्तकांच्या मध्ये, ते होतं. पिटुकलं. तिचं निळ्या कापडाचं होतं, हे मूळ कागदी वेष्टणातलं. तिला इतका आनंद झाला की ग्रंथपाल बाईंना जिन्यातून हाक मारली. मग स्टुलावर बसून पहिलं पान उघडलं.

पहिल्या पानावर आई होती. पोटाशी घेतलेलं पिल्लू, मिटलेले डोळे.

तिला हसू आलं. कुणी बांधलंय हे, शेवटचं पान पुढे लावून ठेवलंय, असं म्हणत तिने दुसरं पान उलटलं. हे चित्र तिने कधीच बघितलं नव्हतं. आई पाण्यात उतरली होती, पाठ दिसत होती. खाली ओळी होत्या: आई गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्यापुढे पांढरा दगड. पिटुकलं बसून राहिलं, हललं नाही, बोललं नाही. पाणी वर आलं. पाणी आणखी वर आलं. आणि मग पिटुकलं उठलं. पाण्याच्या कडेकडेने एकटंच निघालं. खेकडा, बेडूक, कावळा. शेवटचं पान उजेडाचं. पलीकडच्या काठावर उजेड होता. पिटुकलं म्हणालं, मी आलो.

तिने पुस्तक मिटलं आणि उभं धरून कणा बघितला. अडतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेले. मधल्या घडीत दोन तारा होत्या, कारखान्यात मारलेल्या, कधी न उघडलेल्या. अशा पुस्तकात पानं मागेपुढे होऊच शकत नाहीत. अख्खा कागद मध्ये दुमडलेला असतो, त्याचं अर्धं अंग पुढे येतं आणि अर्धं मागे. पहिलं पान आणि शेवटचं पान हा एकच कागद होता. आई आणि उजेड. तिच्या प्रतीत तो कुणीतरी मधोमध कापला होता, पानं सुटी केली होती, नव्या क्रमाने लावली होती. आणि पाठमोऱ्या आईचं पान काढूनच टाकलं होतं.

कुणीतरी म्हणायचं उगाच. बाबांच्या हातून उभ्या जन्मात एक पान चुकलं नव्हतं.

ग्रंथपाल बाई खाली आल्या. "अय्या, हे? आमच्या शाळेत होतं. शेवटी ते पलीकडे जातं ना? मी रडले होते." डिंकमावशीने मान हलवली. ग्रंथपाल बाई गेल्यावरही ती स्टुलावरून उठली नाही. आधी तिला बाबांबद्दल माया वाटली. पाच वर्षांच्या पोरीला ते पान कसं दाखवायचं म्हणून कापलं असेल. मग दुसराच विचार आला आणि तो काही जाईना. बाबांना मुलीचं दुःख दिसलं होतं, की मुलगीही एक दिवस उठून जाईल याची धास्ती वाटली होती? टेबलाखालची चिमणी तिच्या डोळ्यांसमोर होती.

ती भ्याली, आणि भ्यालेली माणसं जे करतात तेच तिने केलं. तिने सगळा दोष पुस्तकावर टाकला आणि मनाशी पक्कं ठरवलं की आता जाऊन लेकीला खरा क्रम दाखवायचा, मग सगळं ठीक होईल. दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वरच्या लोकांना आधी ते खरंच वाटेना. शाळेच्या खोक्यातलं पुस्तक पिशवीत घालून ती दुपारी दोनला लेकीच्या दारात उभी राहिली. त्या वेळी जावई दुकानात असायचा.

दार साखळीपुरतं उघडलं. लेकीचा एक डोळा आणि अर्धा गाल दिसला. "आई? आत्ता का आलीस?"

"आत तर घे."

लेकीने तिच्या खांद्यावरून जिना बघितला आणि साखळी काढली. घर लख्ख होतं. चिमणी शाळेत होती. दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि डिंकमावशीने पुस्तक टेबलावर ठेवून पानं उलटायला सुरुवात केली. दम न घेता सगळं सांगितलं. तारा, घडी, कापलेला कागद, काढून टाकलेलं पान. "म्हणजे बघ, मला चुकीचं शिकवलं गेलं आणि मी तुला चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "त्याने बसायचं नसतं गं. त्याने उठायचं असतं."

लेकीने शेवटचं पान न बघताच पुस्तक मिटलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते. आमच्या शाळेच्या कपाटात होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला किती आवडायचं ते. तू वाचताना दर वेळी शेवटच्या पानाला तुझा आवाज बदलायचा. काय बोलणार होते मी?"

तेवढ्यात फोन वाजला. दुसरी घंटा संपायच्या आत लेक पोचली होती. "हो," ती म्हणाली. हा आवाज डिंकमावशीने पूर्वी ऐकला नव्हता, गोड आणि सपाट. "नाही, कोणी नाही. कपडे घडी करतेय. हो. तीनला कर." तिने फोन ठेवला आणि परत येऊन बसली.

"दर तासाला?" डिंकमावशीने विचारलं.

"पुस्तकाला कशाला बोल लावतेस, आई," लेक म्हणाली. रागाने नाही, दमल्यासारखी. "मी कुठे बसून राहिले? मी उठले होते. दोनदा उठले. पहिल्यांदा सातवा महिना होता, चार मजले उतरून, दोन बस बदलून आले. दुसऱ्यांदा तिला कडेवर घेऊन आले. तू मला जेवायला घातलंस, केस विंचरलेस, आणि परत आणून त्याच्या हातात दिलंस. दोन्ही वेळा तूच बेल वाजवलीस."

डिंकमावशीने मिटलेलं पुस्तक आपल्याकडे ओढलं.

"तू गेल्यावर काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. आताही सांगणार नाही. तुला झोप लागायची नाही."

"आज चल," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता. चिमणीला शाळेतून घेऊ. मी आता नाही कुणाला आणून देणार."

लेकीने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया होती, तीच तिला सहन होईना. "तुझ्याकडे आले तर पहिल्यांदा तो कुठे येईल?" लेक म्हणाली. "आणि तुला ते घर सोडवणार नाही. मी निघायची झाले ना आई, तर तुझ्याकडे येणार नाही. कुठे, कधी, काही विचारू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. आता जा, तीनच्या आत जा. लिफ्टने नको, लिफ्टवाला त्याला सांगतो."

"माझी आई का गेली, हे मी बाबांना कधी विचारलंच नाही," डिंकमावशी दारात म्हणाली. हे आता का सुचलं ते तिलाही कळलं नाही. लेकीने तिचा चष्मा सारखा केला, गालावरून एकदा हात फिरवला आणि दार लावून घेतलं. ती चार मजले पायी उतरली. वाटेत दोनदा कठड्याला धरून उभी राहिली.

मग दिवस सुरू झाले. लेकीचा फोन आला नाही आणि तिने केला नाही. तळघरात ती पानं शिवायची आणि उसवायची. जीव टांगणीला लागला होता. एकदा मंडईत जावई लांबून दिसला, टोमॅटो एकेक करून हातात फिरवून बघत होता, आणि ती पाठ फिरवून गल्लीत शिरली. रात्री कुशीवर वळताना तिला वाटायचं की लेक नुसतं बोलली असेल, जाणार कुठे, कोण आहे तिला. आणि मग वाटायचं की देवा, असं वाटू देऊ नकोस मला.

अकराव्या दिवशी सकाळी पावणेआठला दार वाजलं. ती कामावर निघायच्या तयारीत होती.

जावई होता. शर्टाला इस्त्री होती, पण एक बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं. तिने त्याला दहा वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. "आई," तो हसून म्हणाला, "दोघी आल्यात ना तुमच्याकडे?"

"नाही," ती म्हणाली. खरंच होतं ते.

तो आत आला. विचारलं नाही. पुढची खोली बघितली, मागची बघितली, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, मोरीचं दार ढकललं. सगळं शांतपणे, एखादी वस्तू हरवावी आणि माणसाने शोधावी तसं. मग तिच्यापाशी येऊन उभा राहिला. तिला एका क्षणी भलतंच वाटलं, की हा सोंग करतोय, की त्याने त्या दोघींना काही केलंय आणि आता इथे येऊन विचारतोय.

"मी काल दुकानातून आलो तर घर मोकळं," तो म्हणाला. "पोरीचे पावसाळी बूट नेलेत. ऊन आहे बाहेर, आणि पावसाळी बूट. कुठे ओलं असतं आत्ता?" त्याला खरंच कळत नव्हतं. तो चिडला होता, आणि तो चिडणं लपवत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. तिने ते बघितलं आणि तिच्या छातीतला दगड जरासा हलला. दोघी आपल्या पायांनी गेल्या होत्या. लांब कुठेतरी, जिथे पाऊस असेल अशा ठिकाणी.

"तुम्हाला सांगितलंच असेल तिने."

"मला नाही सांगितलं." तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं, आणि तोंडावर जे होतं ते खरं होतं. त्याने बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्याने खिशातून फोन काढला. "बस अड्ड्यावर माझ्या ओळखीचा आहे एक," तो म्हणाला. "स्टेशनवर पण जातो. एका रात्रीत पोर घेऊन किती लांब जाईल."

तो दाराकडे वळला. आणि डिंकमावशीने, जिने त्याच्यासमोर आजवर चहा नको इतकंही धड म्हटलं नव्हतं, पदराने खुर्ची पुसून पुढे ओढली.

"कशाला धावपळ करता," ती म्हणाली. "बसा. तिला आहे कोण दुसरं? दोनदा गेली, दोनदा इथेच आली. पैसे संपले, पोर रडायला लागली की कुठे जाईल? इथेच येईल. तुम्ही तिकडे फिराल आणि ती इकडे येऊन उभी राहील, मग मी एकटी काय करू? तुम्ही असलात म्हणजे बरं. मागच्या वेळी मीच नव्हतं का आणून सोडलं?"

तिचा आवाज कापत नव्हता. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. ती वर्षानुवर्षं हेच बोलत आली होती, याच शब्दांत, म्हणून ते इतकं सहज येत होतं. आणि म्हणूनच त्याला ते पटलं. तो ज्या बाईला ओळखत होता ती हीच होती. त्याने फोन खिशात ठेवला.

"दुकानात कळवतो, उशीर होईल म्हणून," तो म्हणाला आणि बसला, दाराकडे तोंड करून.

"दिवसभर थांबा," ती म्हणाली. "उद्याही या."

ती आत गेली, चहाला पाणी ठेवलं आणि आच बारीक केली. हा इथे जितके तास बसेल तितके तास त्या दोघी पुढे जातील, एवढंच गणित होतं, आणि तिने ते मांडून संपवलं होतं. लेक कधीतरी सावरेल, कुठेतरी स्थिरावेल आणि आईला भेटावंसं वाटून या जिन्यापर्यंत येईल, हे आता व्हायला नको होतं, निदान हा माणूस इथे येऊन बसायचा थांबेपर्यंत तरी. तो कधी थांबेल हे कोण सांगणार. तिने पदर तोंडाला लावला, उकळी येईपर्यंत उभी राहिली, मग दोन कप भरून बाहेर आणले.

जिन्यात पावलं वाजली. दोघांनीही दाराकडे बघितलं. जन्मभर त्या पावलांसाठी कान देऊन बसलेली डिंकमावशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि जीव मुठीत धरून मनात म्हणत होती की ती नसो, वर जाऊ दे, पुढे जाऊ दे. पावलं वरच्या मजल्यावर गेली. तिने त्याला साखर किती घालू विचारलं.